निष्काळजी

“पायात चपला का नाहीत?” लिफ्टमनच्या बायकोने विचारलं. दार तिने अर्धंच उघडलं होतं आणि उरलेल्या फटीत स्वतः उभी होती.

मेकॅनिकने खाली बघत सांगितलं की वर्षभर अनवाणी राहायचं व्रत घेतलंय. जेवणही एक वेळच. देवळातल्या गुरुजींनी तसं सांगितलं होतं. आता महिनाच उरलाय. आतून तिच्या सासूबाईंनी कोण आलंय म्हणून विचारलं.

“कोणी नाही,” ती म्हणाली.

अकरा महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावर तिच्या नवऱ्याने लिफ्टचं दार ओढलं आणि आत पाऊल टाकलं. लिफ्ट तिथे नव्हतीच. ती मजल्यावर नसेल तर दार उघडू नये म्हणून एक कुलूप असतं. ते सैल झाल्याचं लिफ्टमननेच मेकॅनिकला दोनदा सांगितलं होतं. मेकॅनिक बघतो म्हणाला, आणि न बघताच तपासणीच्या वहीत सही ठोकून मोकळा झाला. चौकशीत निघालं ते वेगळंच: लिफ्टमनने घाईत स्वतःच्या चावीने दार उघडलं असणार. अहवालात त्याच्या नावापुढे शब्द पडला, निष्काळजी. तो वाचला जात होता तेव्हा मेकॅनिक त्याच खोलीत मूग गिळून बसला होता.

हे सगळं त्याने आज तिला उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्या सांगितलं. झोप लागत नाही, म्हणाला. तुम्ही माफ केलंत की पाप फिटेल, असं गुरुजी म्हणतात.

तिने त्याच्या अनवाणी पायांकडे बघितलं.

“म्हणजे एवढंच काम राहिलंय तुमचं. उपास झाले, पाय झाले. आता मी.”

“वहिनी, तसं नाही...”

“वहिनी म्हणू नका. माझी मुलगी शाळेत ऐकून येते, तुझा बाबा स्वतःच्या चुकीने मेला. सासूबाई दाराबाहेर पडत नाहीत. तुमचे पाय पोळल्याने त्यांचं काय भलं झालं? मला सांगितलंत ते चौकशी झाली तिथे जाऊन सांगा. जमत नसेल तर या दारात पाऊल टाकू नका.”

दार लागलं.

वाटेत त्याला तिचाच राग आला. एवढं केलं तरी बाईला पाझर फुटत नाही. घरी बायकोनेही त्याचीच री ओढली. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, मेलेला माणूस परत येणार आहे का, आणि देवाला सगळं ठाऊक आहेच की. तीन दिवस तो हेच घोकत राहिला, देवाला ठाऊक आहे. चौथ्या दिवशी दवाखान्यात लिफ्टच्या दाराचं कुलूप तपासताना त्याला कळलं, देव कुणाला सांगत नाही म्हणून तर आपलं एवढं बरं चाललंय.

त्याने सगळं कबूल करून अर्ज लिहिला. साहेबांनी वाचून परत पुढे सरकवला. कशाला पायावर धोंडा पाडून घेताय, म्हणाले. त्याने तो तसाच टेबलावर राहू दिला. संध्याकाळच्या आत त्याची हत्यारांची पिशवी मेकॅनिकांच्या खोलीबाहेर आली होती. आता सगळ्यांच्याच वह्या उकरतील म्हणून बरोबरचे लोक त्याच्याकडे पाठ करून बसले. घरी बायको ताट आदळून ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवायची.

चौकशी पुन्हा झाली. नवा अहवाल आला, नोकरी गेल्याचं पत्रही आलं. अहवालाची प्रत घेऊन तो गेला तेव्हा दार सासूबाईंनी उघडलं. त्यांना वाचता येत नव्हतं. सुनेने कागद घेतला, आधी मनात वाचला, मग त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. लिफ्टमनची काही चूक नव्हती, असं त्यात लिहिलं होतं. चूक ज्याची होती त्याचं नावही होतं.

“हाच का तो?” म्हातारीने विचारलं.

“हाच.”

“तुझं तोंड पुन्हा दाखवू नकोस मला.”

त्याने मान हलवली. माफीचा शब्द त्याने काढला नाही, सुनेनेही नाही. तो जिना उतरू लागला. मागे म्हातारी दाराबाहेर आली आणि कठड्यावरून वाकून खालच्या शेजारणीला हाक मारू लागली. वर ये गं, माझ्या मुलाचा कागद आलाय, तूही वाच.

शेजारीण ओले हात पुसत निघाली. तिला वाट द्यायला तो भिंतीला चिकटून उभा राहिला.