नापासबाईंचा बारावा ग्रह

मोजणीबाईंनी आजवर अकरा ग्रह नापास केले होते. त्यामुळे जहाजावरच्या पंचवीस हजार लोकांत त्यांना अजून मोजणीबाई म्हणणारे दोघेच उरले होते : एक त्यांचे यजमान आणि दुसरा हजेरीपट. बाकी सगळे त्यांना मागून नापासबाई म्हणत. धीट मंडळी समोरूनही म्हणत.

यात बाईंचा काही दोष नव्हता. पहिल्या ग्रहाची हवा आम्लाची होती. चौथ्याला जमीनच नव्हती. नववा तर असा देखणा, की लोकांनी पडद्यांचं कापडसुद्धा बेतून ठेवलं होतं. तो दर अकरा दिवसांनी उकळायचा. बाईंनी प्रत्येक वेळी जे होतं तेच लिहिलं. खरं लिहिणाऱ्या माणसाला लोक मान देतात, घरी मात्र बोलावत नाहीत.

आता हा बारावा. एका भटक्या ताऱ्याचा तिसरा ग्रह, म्हणून सगळे त्याला नुसतं ‘तिसरा’ म्हणत. हा तारा केव्हातरी आपल्या आकाशगंगेशी भाऊबंदकी करून घराबाहेर पडला होता आणि चार ग्रहांचं लटांबर घेऊन एकटाच काळोखातून निघाला होता. वसाहत समितीतल्या जुन्या खोडांना हे स्थळ मुळातच पसंत नव्हतं. “ज्याला स्वतःचा पत्ता नाही, त्याच्या दारात कसलं बिऱ्हाड करता?” असा त्यांचा सवाल. तीन पिढ्या पत्र्याच्या नळकांड्यात काढलेल्या माणसांनी हा सवाल करावा, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

पण आता पसंती-नापसंतीला वेळ नव्हता. जहाज थांबवायचं तर आज दुपारी तीनच्या आत इंजिनं उलटी पेटवायला हवी होती. तीन टळले की वेग हाताबाहेर जाणार. आणि पुढचा तारा होता एकशे चाळीस वर्षांवर. म्हणजे आज जहाजावर श्वास घेणाऱ्या एकाही माणसाच्या पायाला माती लागणार नव्हती. कालच जन्मलेल्यांच्यासुद्धा.

सकाळचे नऊ वाजले होते. जहाजाच्या पुढे छोट्या यानाने आलेल्या बाई तिसऱ्याच्या एका लांबट दरीत, तंबूबाहेर घडीच्या टेबलावर, निकालपत्र भरत होत्या. डोक्यावर काळं, रिकामं आकाश आणि कोपऱ्यात विझत आलेल्या शेगडीसारखा लालसर तारा. हवा पास झाली होती, वजन पास झालं होतं, माती पास झाली होती. अडलं होतं एकाच रकान्यावर. शेजारी रोवलेल्या बारा हात उंच काठीच्या टोकाला तापमापी लटकत होती आणि वीस दिवस तिचं तुणतुणं एकच होतं.

रेडिओ खरखरला. समितीचे अध्यक्ष बोलत होते. ते नात्याने बाईंचे धाकटे दीर.

“वहिनी, काय लिहिताय?”

“आहे ते.”

“आहे काय पण?”

“उणे अडतीस.”

“पूर्णांक चार,” तंबूतून आवाज आला. हा यंत्रवाला. जहाजावर त्याला दशांश म्हणत. एकदा बायकोने ‘माझ्यावर किती प्रेम आहे?’ असं विचारल्यावर त्याने ‘कधीचं मोजू?’ असं उत्तर दिलं होतं म्हणे.

“वहिनी,” दिरांचा आवाज खाली आला, “हात जरा सैल सोडला तर अडतीसचे आठ नाही का व्हायचे?”

“होतील की. मग लोक गोठून मरतील, तेव्हा त्यांना सांगा, वहिनींचा हात सैल होता.”

“तसं नव्हे हो. इकडे लोक दारं वाजवताहेत. तुमच्या जाऊबाई सकाळपासून माझ्याशी बोलल्या नाहीयेत.”

“तेवढं तरी माझ्यामुळे बरं झालं म्हणायचं.”

रेडिओ बंद झाला. बाई हसल्या नाहीत. विनोद त्या सवयीने करत. खरं म्हणजे काल रात्रभर त्यांना झोप नव्हती. एकदा तरी, आयुष्यात एकदा तरी, त्यांना ‘योग्य’ लिहायचं होतं. आणि नेमकी हीच इच्छा मोजणीदाराने खिशात ठेवायची नसते, हे त्यांनीच दोन पिढ्यांच्या उमेदवारांना शिकवलं होतं. त्यांनी लेखणी उचलली, ‘अ’ काढला, ‘यो’ काढायला टेबलावर वाकल्या आणि खुर्चीचा मागचा पाय मातीत गेला.

बाई सरळ जमिनीवर आपटल्या.

“लागलं का?” दशांशने तंबूतून मान बाहेर काढली. “उठा, उठा! खाली काय बसताय!”

त्याचं घाबरणं खोटं नव्हतं. जहाजात ऊब छताकडून येते, दिव्यांतून. फरशीखाली जहाजाची पातळ कातडी आणि त्याखाली मुक्कामाला आलेला काळोख. त्यामुळे मूल रांगायला लागलं की त्याला आयुष्यातला पहिला धपाटा मिळतो तो फरशीवर बसल्याचा. बुटांचे तळवे तीन बोटं जाड. तापमापी नेहमी छताजवळ. नियमावलीच्या चौथ्या पानावर स्वच्छ लिहिलंय : तापमान उंचावर घ्यावे. बाईंनी वयाच्या चोपन्न वर्षांत कधी जमिनीला बूड टेकलं नव्हतं.

“उठा ना बाई, पोटात थंडी भरेल.”

“थांब.”

“कंबर धरली का?”

“गप बस रे जरा.”

बाई बसूनच राहिल्या. बाहेर घालायच्या पोशाखाला सगळीकडे जाड अस्तर होतं. पण जिथे कोणी कधी जमिनीला टेकतच नाही, तिथे शिंप्याने ते वाचवलं होतं. आणि नेमकं तिथून काहीतरी वर येत होतं. आधी त्यांना वाटलं, पडण्याची शरम. मग वाटलं, वय. शेवटी त्यांनी हातमोजा ओढून काढला आणि तळवा मातीवर ठेवला.

“दशांश,” त्या म्हणाल्या, “गोठलेल्या जमिनीत खुर्चीचा पाय रुततो का?”

“नाही.”

“मग रुतला कसा?”

“माती ओली आहे. पहिल्या दिवशीच नोंद केली मी. क्षारांमुळे ओली राहते.”

“क्षार तू मोजलेस?”

“गृहीत धरले,” तो म्हणाला, आणि हे शब्द उच्चारताना त्याचा चेहरा चोरी कबूल करणाऱ्यासारखा झाला.

“काठीवरची तापमापी काढ.”

“सील आहे तिला. नियमात बसत नाही.”

“मीच खाली बसलेय, तिथे नियमाचं काय घेऊन बसलास!”

तापमापी उतरली. बाईंनी ती मातीत खुपसली. दोघे वाट पाहत राहिले. आकडा चढायला लागला, शून्य ओलांडून गेला, आणि एकवीसवर येऊन थांबला.

“पूर्णांक किती?” बाईंनी विचारलं.

दशांशला सांगता येईना. त्याने खाली बसून दोन्ही हात मातीवर ठेवले होते आणि तो रडत होता.

बाईंना मात्र रडणं परवडणारं नव्हतं. ज्याची आस असते ते माणसाला हमखास दिसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मोजणीदारांची जुनी रीत लावली : दुहेरी हात. दरीत वीस खुंट्या ठोकायच्या, दोघांनी दोन टोकांनी निघायचं, प्रत्येक खुंटीपाशी आपापल्या यंत्राने मोजायचं, आकडे आपापल्या पाकिटात बंद करायचे आणि वाटेत भेट झाली तरी तोंडातून अक्षर काढायचं नाही. मध्यावर दोघे एकमेकांसमोरून गेले तेव्हा दशांश ओठ दाबून इतका कसोशीने आकाशाकडे बघत होता, की खुंटीला अडखळला.

दीड वाजता पाकिटं फोडली. वीसच्या वीस खुंट्या जुळल्या. सगळ्यात थंड अठरा, सगळ्यात ऊबदार सव्वीस.

“पण ही ऊब येते कुठून?” बाई म्हणाल्या. “उद्या संपली तर?”

दशांशने वही चाळली. एका पानावर तो अडकला. “शेजारी ग्रहांचा उपद्रव, असा एक रकाना आहे ना? त्यात मी लिहिलंय : दुसऱ्या ग्रहाची ओढाताण, तीव्र. त्याचे पाच गुण कापलेत.”

बाईंनी ते पान दोनदा वाचलं. दुसरा ग्रह आडदांड होता. दर सहा दिवसांनी तो जवळून जाई आणि जाता जाता तिसऱ्याला कणीक मळावी तसा मळून काढी. त्या मळण्यानेच पोटातून ऊब सुटत होती. तारा विझला तरी ती आटणार नव्हती. पुढची कोट्यवधी वर्षं हा शेजारी उपद्रव देणार होता, आणि त्याबद्दल तिसऱ्याचे पाच गुण कापले होते.

दोन वाजता त्यांनी रेडिओ लावला आणि सगळं सांगितलं.

“वहिनी,” दीर म्हणाले, “समिती विचारतेय, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?”

“कसलं कोणत्या?”

“जमिनीच्या तापमानाचा रकाना नाहीये फॉर्मात. हवेचा आहे, त्यात उणे अडतीसच येणार.”

“सकाळी त्याच रकान्यात तुम्ही मला खोटं लिहायला सांगत होतात.”

“खोटं रकान्यात बसत होतं हो! हे खरं आहे, पण बसत नाहीये.”

मागून एका म्हाताऱ्या सदस्याचा आवाज आला, “भटक्याच्या दारात शेवटी असलंच काहीतरी निघायचं!”

“भावजी, सभागृहाचा भोंगा चालू करा. गल्लीगल्लीत ऐकू गेलं पाहिजे.” बाईंनी घसा साफ केला. “मी मोजणीबाई बोलतेय. हो, तीच, नापासबाई. वर थंडी आहे, जीवघेणी आहे, हे लपवत नाही. घरं बुटकी बांधावी लागतील, अर्धी जमिनीत. पण जमीन गरम आहे. बियाणं उगवेल, पाणी वाहील, पोरं रांगतील. वीस ठिकाणी, दोन हातांनी मोजलंय. तीस वर्षांत मी तुमच्याशी एकदाही गोड बोललेले नाही. आजही बोलत नाहीये.”

बाईंच्या मोजणीच्या पेटीच्या तळाशी एक रबरी शिक्का होता, नोकरीच्या पहिल्या दिवशी मिळालेला. त्याला गुंडाळलेला कागद अजून तसाच होता. बाईंनी तो फाडला, सकाळचा ‘अ’ आडव्या रेघेने खोडला, आणि शिक्का असा मारला की टेबलाचा पाय वीतभर मातीत गेला.

‘योग्य.’

त्यापुढे समितीत काय झालं याचं इतिवृत्त उपलब्ध नाही. जाऊबाई सभागृहात शिरल्या होत्या आणि मागे चार गल्ल्यांतली माणसं होती, एवढंच कळतं. तीनला सात मिनिटं कमी असताना रिकाम्या आकाशात एक ठिणगी पडली, फुलली, आणि लांब पांढरी ज्योत होऊन उभी राहिली. जहाज उलटं पेटलं होतं. दरीभर पहिल्यांदाच सावल्या पडल्या. दशांश हातवारे करत, घसा फोडून ओरडत दरीत धावत सुटला. बाई ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते सगळं, न मोजता, पाहून घेतलं.

अजून जहाज पुरतं थांबलंही नव्हतं तोच रेडिओ परत खरखरला.

“वहिनी, कोपऱ्यावरच्या जागांसाठी एकेचाळीस अर्ज आलेत. पाठीमागच्या गल्लीतले म्हणतात, आम्हाला पाण्याजवळ हवी. आणि दोघं आत्ताच बांधावरून हमरीतुमरीवर आलेत.”

“बांध कुठाय अजून?”

“तेच तर! तुम्ही आखा ना लवकर.”

बाईंना हसू आवरेना. जिथे बांधावरून भांडण लागतं, तिथे गाव वसलं म्हणायचं.

“सांगा त्यांना, रांगेत या,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी दोरीचं भेंडोळं उचललं, हातोडी घेतली आणि पहिल्या घराची पहिली खुंटी ठोकायला सुरुवात केली.