दुसऱ्याची लेक

कुमुदने पाण्याचा ग्लास पुढे केला, पण भैय्यालालने तो घेतला नाही. टेबलावर उलटा पडलेला तिचा मोबाइल त्याने उचलला, गमछ्याने उगाचच पुसला आणि तिच्यासमोर सरळ ठेवला.

"लगाइए, दीदी. आपकी बात वो नहीं टालेगी."

"पहले पानी तो पी लीजिए, भैया. कितनी धूप में आए हैं."

"पानी बाद में."

मे महिन्याच्या ऐन दुपारी तो रायपूर जिल्ह्यातल्याच अभनपूरहून मोटरसायकल हाणत आला होता. शर्ट पाठीला चिकटला होता. कूलरच्या समोरची खुर्ची कुमुदने त्याला दिली होती, पण तो खुर्चीच्या काठावर, आता उठायचंच आहे अशा बेताने बसला होता. समता कॉलनीतल्या या घरात तो पहिल्यांदाच येत होता. त्याआधी ते दोघे एकदाच भेटले होते, दोन वर्षांपूर्वी, रायपूरच्या विमानतळावर. कुमुदची स्वरदा आणि भैय्यालालची खिलेश्वरी एकाच दिवशी इंग्लंडला निघाल्या होत्या, समुद्राकाठच्या एका लहान गावातल्या एकाच केअर होममध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायला. तेव्हा हा माणूस मोठमोठ्याने हसत होता. सगळ्यांना पेढे वाटत होता. पुन्हा पुन्हा स्वरदाच्या डोक्यावर हात ठेवून सांगत होता, "मोर नोनी ला देखे रहिबे, बेटी." त्याची नोनी, म्हणजे लेक, मागे उभी राहून मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती.

आज सकाळी त्याला एजंटचा फोन आला होता. मुलींना तिकडे पाठवणारा रायपूरचाच एजंट. तो म्हणाला होता, रायपूरची एक मुलगी आज कामगारांच्या सरकारी ऑफिसात जाऊन केअर होमविरुद्ध जबानी देणार आहे. तिने तोंड उघडलं, तर परदेशातून माणसं आणायचा मालकाचा परवाना जाईल, आणि त्याच्या व्हिसावर असलेल्या सगळ्या पोरी रस्त्यावर येतील. दोन महिन्यांत दुसरा मालक शोधा, नाहीतर सामान बांधा.

"रायपुर की लड़की बोला उसने," भैय्यालाल म्हणाला. "रायपुर की तो आपकी ही है. मेरी तो अभनपुर की है."

नाकारायला कुमुदकडे काही नव्हतंच. काल स्वरदाने फोनवर तिला सांगितलं होतं, "उद्या त्या ऑफिसात जायचं ठरलं, आई. आता तू अडवू नको." त्यावर कुमुद इतकी चिडली होती की तिने फोनच ठेवून दिला होता. सकाळी देवदत्त, तिचा नवरा, इथल्या मंत्रालयात जायला निघताना चपला घालता घालता म्हणाला होता, "तिले सांग, अजून तीन वर्षं गप बस म्हणा. मंग पक्के कागद भेटते. मंग भांड म्हणा कोणाशी भांडायचं तं." कुमुदलाही तेच वाटत होतं. सकाळपासून तिने दोनदा मोबाइल हातात घेतला होता आणि दोनदा खाली ठेवला होता. आता हा माणूस येऊन बसला तेव्हा, खरं सांगायचं तर, तिला जरा हायसंच वाटलं होतं. आपण एकटीच भित्री नाही.

ब्रेक्झिट हा शब्द तिने पहिल्यांदा त्या एजंटच्याच ऑफिसात नीट ऐकला. त्याआधी तो बातम्यांमधला शब्द होता. एजंटने समोर थंडा ठेवून समजावलं होतं, की ब्रिटन युरोपातून बाहेर पडला, तिथे काम करणाऱ्या पोलंड-रोमानियाच्या बाया आपापल्या देशात परतल्या, आता म्हाताऱ्यांना उचलून बसवायला माणूस नाही. "हमारी तो लॉटरी लग गई, मॅडम." भैय्यालाल तेव्हा तिथे नव्हता, पण त्यालाही असंच काहीतरी सांगितलं असणार.

एजंटने न सांगितलेली गोष्ट नंतर स्वरदाने सांगितली. त्या केअर होममध्ये पूर्वीपासूनची एक पोलिश बाई उरली होती. ती म्हणायची, आमच्या वेळी मालक वाकडं बोलला तर आम्ही दुसऱ्या दिवशी समोरच्या हॉटेलात कामाला लागत होतो. कागद लागत नव्हता, काही नाही. तुम्हा पोरींचा कागद मालकाच्या मुठीत आहे. मग तीही गेली. तिच्या नवऱ्याचं किराणा दुकान होतं, पण पोलंडहून येणारा माल बंदरावर तपासणीत अडकून पडायचा, लोणी-सॉसेज तिथेच खराब व्हायचं. शेवटी त्यांनी शटर ओढलं. एका हिवाळ्यात तर स्वरदाने तिथल्या सुपरमार्केटमधल्या रिकाम्या खोक्यांसमोर उभं राहून व्हिडिओ कॉल केला होता, "आई, बघ, माणशी तीनच टमाटे घेऊ देऊन राहिले." कुमुदने ते भैय्यालालला फोनवर सांगितलं, तेव्हा तो खो खो हसला होता. इकडे आमच्या बाजारात शेतकरी टमाटर रस्त्यावर ओतून जातात, म्हणाला होता.

त्या हसण्याचा आता त्याच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता.

"दीदी, नोनी का छोटा भाई है, उसकी पढ़ाई है, वो सब छोड़िए," तो म्हणाला. "वो लौट के आएगी तो गाँव में क्या बोलेंगे, वो भी छोड़िए. पर उसकी क्या गलती? उसने तो आज तक किसी से ऊँची आवाज़ में बात नहीं की. आपकी बेटी बोलेगी और मेरी बेटी भुगतेगी?"

कुमुदने मोबाइल उचलला. वाजत राहिला, कोणी घेतला नाही. तिने पुन्हा लावला. भैय्यालालचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट होते. तिसऱ्यांदा लावायच्या आत स्वरदाचाच फोन आला.

"स्पीकर पे रखिए," तो पुढे सरकला.

"नहीं भैया. सबके सामने वो और अड़ जाएगी. मुझे बात करने दीजिए."

तिने फोन कानाला लावला. पलीकडे वारा होता, कुठलेसे पक्षी कर्कश ओरडत होते.

"स्वरदा, कुठं आहे तू?"

"ऑफिसच्या बाहेर. पायरीवर बसून आहो. बोल."

"खिलेश्वरीचे बाबूजी आले आहेत. माझ्यासमोर बसले आहेत."

स्वरदाचा आवाज एकदम खाली आला.

"स्पीकरवर आहे का?"

"नाही."

"मंग तू फक्त हो-नाही म्हण. तिचं नाव आता घेऊ नको. त्यांना मराठी समजते थोडी." तिने श्वास घेतला. "आई, मी नाही बोलून राहिली. तीच बोलणार आहे. मी नुसती सोबत आली."

कुमुदचा हात कानाशी जागच्या जागी राहिला.

"तिचा हात मोडला, महिना झाला. दिवसाची ड्यूटी संपली अन् रात्रीची लावली तिले, तापात. जिन्यावर चक्कर येऊन पडली. मॅनेजर म्हणे, दवाखान्यात सांग का सुट्टीच्या दिवशी घसरली, नाहीतर व्हिसा पाहून घे. तिनं तसंच सांगितलं. प्लास्टर आहे अजून. घरी व्हिडिओ लावते तं नुसता चेहरा दाखवते."

"हं," कुमुद म्हणाली. समोरून भैय्यालाल तिच्या ओठांकडे बघत होता.

"काल तुले वाटलं मी हिरोगिरी करून राहिली. मी तं तिले उलट म्हणून राहिली होती का जाऊ दे, तीन वर्षं काढू. मलेच भीती वाटून राहिली होती, आई. तिनं ऐकलं नाही. म्हणे, हाच हात उद्या दुसऱ्या पोट्टीचा मोडन."

"आता?"

"आता आत बाकावर बसली आहे. बोलावलं नाही अजून. फोन मायाजवळ देऊन ठेवला तिनं. म्हणे, बाबूजीचा आला तं मी उचलीन, अन् ते रडले तं मी उठून येईन." स्वरदा थांबली. "आई, त्यांना सांगू नको. निदान आज नको."

कुमुदने डोळे वर केले. भैय्यालालने भुवया उंचावून खुणेनेच विचारलं, काय म्हणते?

किती सोपं होतं. एक वाक्य हिंदीत बोलायचं होतं. तुमचीच आहे आत, भैया. तो आत्ताच्या आत्ता फोन लावेल, स्वरदाने उचलला नाही तर एजंटला लावेल, एजंट मॅनेजरला. कोणीतरी त्या बाकापर्यंत पोहोचेल. ती मुलगी बापाच्या रडण्याने उठेल, आणि कुमुदची मुलगीही तिच्याबरोबर केअर होममध्ये परत जाईल. तीन वर्षं निघतील. देवदत्त संध्याकाळी निवांत चहा घेईल. आणि खोटंही काही बोलावं लागणार नाही. उलट बापापासून त्याच्या मुलीचा मोडलेला हात लपवणं, हे कुठलं खरं? आपली असती तर?

तिच्या जिभेवर वाक्य तयारही झालं होतं.

"आई?" स्वरदा म्हणाली.

"जेवली का काही?" कुमुदने विचारलं.

"नाही. दोघीही नाही."

"मग झाल्यावर काहीतरी खाऊन घ्या," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

तिने तो टेबलावर ठेवला नाही, मुठीतच धरला.

"मान गई?" भैय्यालाल अर्धा उठला होता.

"नहीं मानी."

"आपने ठीक से बोला ही नहीं. हाँ-हूँ करती रहीं बस. डाँटना था, दीदी! माँ हैं आप."

"मेरी लड़की ज़िद्दी है, भैया," कुमुद म्हणाली. "बचपन से. किसी की नहीं सुनती."

भैय्यालालने गमछा खांद्यावर टाकला. तो ओरडला असता तर कुमुदला बरं वाटलं असतं.

"आप लोग पढ़े-लिखे हैं," तो हळू म्हणाला. "साहब की सरकारी नौकरी है, आपकी स्कूल की है. आपकी बेटी को नेता बनना है, बने. लौट के आएगी तो भी घर है, पंखा है, कूलर है. हमारी सीधी-सादी लड़की को बीच में काहे घसीटा? मैंने आपकी बेटी को बोला था, मेरी नोनी को देखना. ऐसे देखा उसने?"

कुमुदला वाटलं, आपण निदान एवढं तरी म्हणावं की नोनी तिथे एकटी नाही. पण त्या वाक्याला लागून पुढचं आलं असतं.

तो दाराकडे गेला. ती मागोमाग निघाली. बाहेर ऊन नुसतं पांढरं झालं होतं. समोरच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर एक कुत्रं सावलीची पट्टी शोधून पसरलं होतं. भैय्यालालने मोटरसायकलच्या सीटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग काहीतरी सुचून त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला.

"नोनी को ही बोलता हूँ," तो म्हणाला. आवाजात नवी आशा होती. "साथ रहती है. हाथ-पाँव जोड़ के रोक लेगी आपकी बेटी को. उसकी बात कोई नहीं टालता."

त्याने फोन कानाला लावला. कुमुद फाटकाशी उभी राहिली. लोखंड तापलेलं होतं, पण तिने त्यावरचा हात काढला नाही. त्याच्या फोनातली घंटी तिला इथपर्यंत ऐकू येत होती. ती वाजत राहिली, आपोआप बंद पडली. त्याने पुन्हा लावला. या वेळी त्याने शेवटपर्यंत, डोळे बारीक करून, पलीकडे कोणीतरी नुकतंच धावत येत असावं तशी वाट पाहिली.

"घंटी तो जा रही है," तो म्हणाला. मग फोन खिशात टाकत, कुमुदकडे न बघता, जणू त्याला तिच्याकडून एवढंच हवं होतं अशा स्वरात म्हणाला, "ड्यूटी पे होगी."

"हव, भैया," कुमुद म्हणाली. "ड्यूटी पे ही है."