हलव्याची बांगडी

ताईबाई अगदी मेटाकुटीला आल्या होत्या. संक्रांत परवावर आणि सुनेच्या हलव्याच्या बांगड्या दुसऱ्यांदा लहान झाल्या! धुळ्याच्या बाजारात तयार दागिने मिळत नाहीत असं नाही. पण मुलाची, प्रेमराजची पहिली बायको, हर्षाली, नखांची हळदही उतरली नसताना, लग्नानंतरची पहिली संक्रांत बघायच्या आधीच तापात गेली, तेव्हापासून या घराला सुनेचं सुख नाही म्हणून गल्लीने जे तोंड सोडलं होतं, ते यंदा काळ्या साडीतल्या नव्या सुनेला, दिपमालेला, घरच्या हलव्याने मढवून बंद करायचं, हे त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं.

आणि हलवा म्हणजे काय कमी कटकट! परातीखाली मंद निखारा, तिळावर चमचा-चमचा पाक, बोटं सतत फिरती. नजर हलली की दाणा करपलाच. म्हणून मागे पावलं वाजली की सून शाळेतून आली समजून त्या मान वर न करताच ओरडायच्या, "दिपमाला, हात दे व माय!" मागून हात पुढे यायचा, त्या चाचपडतच पंजाला दोरा गुंडाळून माप घ्यायच्या.

"हात शे का बरफ?" दुपारी त्या करवादल्या होत्या. हात मागे सरला. हल्लीच्या पोरींना जरा बोललेलं खपत नाही, दुसरं काय!

संध्याकाळी बांगडी दिपमालेच्या अंगठ्यापाशीच अडली.

"धड मापबी देता येत नही तुले!"

"आई, माप कधी घेतलंत तुम्ही?"

"आज दुपारीच की! इसरनी का?"

दिवसभर शिरपूरच्या शाळेत शिकवून दमलेली ती पोर वाद नको म्हणून पदर खोचून स्वयंपाकाला लागली.

दुसऱ्या दिवशी भोगी. दुपारी शेवटचा हलवा परातीत होता. मागे पावलं वाजली.

"आली का एकदाची? दे हात, आता चुकली तर बघ!"

हात पुढे आला. ताईबाईंनी दोरा गुंडाळला, तोच बाजूला ठेवलेला त्यांचा फोन वाजला. त्यांनी कोपरानेच तो चालू केला.

"आई, मी शाळेतून येताना वाटेत सोनगीरला अडकलेय, गाड्यांची रांग लागलीय. उशीर होईल. बांगड्यांचं एवढं मनावर घेऊ नका, दोऱ्याने बांधू."

ताईबाईंची बोटं परातीतच थांबली. तीळ करपल्याचा वास सुटला. तो हात मात्र तसाच पुढे होता, बारीक, गार, हळदीच्या पिवळ्या नखांचा.

त्यांनी मान वर केली नाही. चिडायचंही त्यांना सुचेना. ताटातली कालची लहान बांगडी उचलून त्यांनी त्या हातात सरकवली. ती नेमकी बसली.

मग मागून दुसरा हात पुढे आला.