तंबाखूची डबी आणि दानेश्वरीचं कार्ड

दानेश्वरीचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी निंगप्पांच्या खिशातच होते. बार्शीच्या शाळेत पत्रलेखन शिकवलं, म्हणून त्यांच्या या नातीने लिहिलं होतं, 'आजोबा, तंबाखू सोडली असेल तरच उत्तर पाठवा. खोटं लिहू नका.' उत्तर गेलंच नाही. कार्ड माझ्या शेजारी घामाने मऊ होत राहिलं.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे. एका अंगाला तंबाखू, दुसऱ्या अंगाला चुना. निंगप्पा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात होते, तेव्हा माझा काय मान होता! अनोळखी माणूसही "डबी काढा की" म्हणे आणि घटकाभरात सोयरा होई.

मग डॉक्टरीणबाईंना निंगप्पांच्या गालात पांढरा चट्टा दिसला, आणि माझा भाव उतरला.

"बाबा," त्या म्हणाल्या, "तंबाखूनं मेंदू खूश होतो. ती चटक त्याच्या ध्यानात राहते. मग नुसता चहाचा वास आला तरी तो हट्टी पोरासारखा तंबाखू मागतो. पण हट्ट थोड्या वेळात ओसरतो. तेवढा वेळ पाणी प्या, सावकाश श्वास घ्या, चार पावलं चाला, बडीशेप चघळा. नाहीच जमलं, तर माझ्याकडे या. औषधं आहेत."

घरी त्यांच्या बायकोने, सुंदरम्मांनी, मला चिंचेने घासलं आणि बडीशेप भरली. चुन्याचा कप्पा रिकामा राहिला. "रिकामं दिसलं की हात चुना हुडकतोय तुमचा," म्हणत त्यांनी तिथे तिखटजाळ शेंगाचटणी दाबली.

पण सवय कुठली जायला! निंगप्पांनी बडीशेप तळहातावर घेतली, अंगठ्याने मळली, थाप मारली आणि फुंकर घातली. सगळी बडीशेप शेजारी बसलेल्याच्या चहात.

"माणूस रिटायर झाला, हात अजून कामावरच हाय," निंगप्पा पुटपुटले.

एकदा कुंभारी गावातल्या चहाच्या टपरीवर त्यांचा कारखान्यातला जोडीदार मानसिंग भेटला. बोलता बोलता त्याने मला खिशातून उपसलं. चिमूट घेतली, नखाने 'चुना' काढला, न बघताच मळलं आणि ओठाखाली ठेवलं.

"आयायायाया! कसला चुना हा?"

"सोलापुरी हाय," निंगप्पा गंभीरपणे म्हणाले.

मानसिंगने डोळे पुसत स्वतःची पुडी पुढे केली. "घे, खरी खा. एका चिमटीनं मरतोस व्हय?"

समोर वाफाळता चहा, नाकाशी तंबाखू. निंगप्पांनी मला परत खिशात टाकलं. बोटं पुडीपर्यंत गेली, तिथेच थांबली. ते तांब्याभर पाणी प्यायले आणि मोठा श्वास घेऊन म्हणाले, "चल, चालत बोलू."

मानसिंग हाश्शहुश्श करत मागे निघाला. पोस्टाशी आल्यावर निंगप्पा एकदम थांबले.

"गेली की रं!"

"काय?"

"तलफ."

"माझी तर जीभच गेली!"

मित्रांनो, मी साधी डबी, मला उपदेश कुठला जमायला? तरी सांगते. कुणाला तलफ आली तर त्याला टोचून बोलू नका. त्याच्यासोबत थोडं चाला.

निंगप्पांनी नवं कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'दानू, सुटली असं लिहीत न्हाय. आज खाल्ली न्हाय, हे खरं हाय. उद्याचं उद्या कळवतो.'

मानसिंग वाकून बघत होता. "खाली लिही, मानसिंगआजोबानंबी खाल्ली न्हाय."

"सकाळपास्नं चघळतोयस की!"

"मग लिही, चटणी खाल्ली."

निंगप्पांनी तेही लिहिलं आणि कार्ड पेटीत टाकलं.