जांभळीचा धूर

"बाभळीचा धूर रागीट, आंब्याचा लाडिक, अन् जांभळीचा? त्यो मागं ऱ्हाऊन बोलतो."

आबाजीचा हा आवाज वीस वर्षं कोंडाजीच्या कानात मुरला होता. ताथवड्याच्या जत्रेत बोकडाची मुंडी भाजायचा मान आबाजीच्या चुलवणाचा. आबाजी माघात वारला. चैत्रात पंच म्हणाले, ज्याच्या रश्शाला जुनी चव येईल, चुलवण त्याचं. कोंडाजीला वाटलं, आपल्याशिवाय आहे कोण? आबाजीच्या हाताखाली मुंड्या फिरवल्या त्या आपणच.

पण लाकडात घात झाला. देहूरोडच्या लष्करी डेपोतून मोडीत निघालेल्या, रंग लावलेल्या खोक्यांच्या फळ्या त्यानं आणल्या, खडखडीत वाळलेल्या. भडभडा पेटल्या, मुंडी झटक्यात काळी. रस्सा चाखून अर्जुनराव पंचांनी तोंड वाकडं केलं.

"कोंडाजी, मटन शिजवलंस का दाराला रंग दिलास?"

पंगत हसली. कोंडाजीची मान खाली गेली.

तेवढ्यात आबाजीची बायको सुभद्राबाई पदर खोचून पुढं आली. "दुसरी मुंडी हाय न्हवं? आना हिकडं."

"वैनी, तुमी?" कोंडाजीनं विचारलं.

"मग काय डेपोतल्या सायबाला बोलावू?"

बाभळीच्या निखाऱ्यावर तिनं मुंडीचे केस जाळले, सुरीनं खरवडले. मग आंब्याच्या ढलप्या टाकल्या. डोळे मिटून धुरात तोंड घातलं, हुंगलं, एक ढलपी मागं ओढली. शेवटी पाणी शिंपडलेली जांभळीची लाकडं. निळा धूर आळसावत उठला. न्हालेल्या लेकराला धुरी द्यावी तशी ती मुंडी धुरावर फिरवत होती. पंगतीतलं बोलणं आपोआप थांबलं.

रस्सा ताटात आला. कोंडाजीनं भाकरी बुडवली. आधी बाभळीचा झणका, मागून आंब्याची गोडी. घास उतरल्यावर जिभेच्या मुळाशी काहीतरी तुरट, गार, हळूच जागं झालं. त्याच्या अंगावर काटा आला. वीस वर्षं आपण हे खाल्लं आणि एवढं सगळं त्यात होतं! रानातली तीन झाडं एका घासात उभी.

अर्जुनरावांनी ताटासमोरच हात जोडले. "आबाजीच आला गं बाई जेवू घालायला!"

सुभद्राबाईनं त्यांच्या ताटात आणखी रस्सा वाढला.

पंगत उठल्यावर कोंडाजी चुलवणापाशी गेला. "वैनी, चुलवण तुमचंच. माझं काय म्हननं न्हाई. पर आबाजीनं तुमाला हे शिकवलं कवा?"

ती निखारे सारत राहिली. मग हात थांबले.

"त्यांनी न्हाई शिकवलं. लग्नाच्या दुसऱ्या साली त्यांना मोठा ताप आला, तवापासनं नाकाला वासच न्हवता. म्होरं अत्तर धरा न्हाई तर शेन, सारखंच. गडी मानूस, चारचौघांत हसं हुईल म्हनून मी गप ऱ्हायले. ढलपी मी निवडायची, जाळ मी मागनं खुणंनं सांगायची, बोलायचे ते." तिनं कोंडाजीकडं सरळ पाहिलं. "धूर माझा हुता, भावजी. पैल्यापासनं."