शुक्रवारचा बुद्ध

“कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून आधीच सांगतो, ठेवू नका,” मी म्हणालो. “पण इथे कॅलिफोर्नियात, भर दुपारी, आठ बुद्धांच्या साक्षीनं मी एका माणसाला चारी मुंड्या चीत केलं. हात न लावता.”

“काका, फेकू नका यार,” अनीश म्हणाला.

शनिवार होता. सनीव्हेलला आमच्या मुलाकडे, सत्यजितकडे, त्याच्या ऑफिसातली मंडळी जेवायला आली होती. सत्यजित दही आणायला गेलेला. पद्मिनी, म्हणजे माझी बायको, ओट्याशी थालीपिठं लावत होती, आमच्याकडे पाठ करून. मी इचलकरंजी डेपोत सव्वीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. ‘गाडी पाच मिनिटांत लागते’ हे वाक्य मी लाखभर वेळा उच्चारलेलं आहे. तेव्हा संशयानं बघणारे चेहरे मला नवे नाहीत.

तर गोष्ट गेल्या वर्षीची, दोन हजार पाच सालची. एका रविवारी सत्यजित आम्हाला थाई देवळात घेऊन गेला. तिथे रविवारी अंगणात जेवण असतं आणि त्याला तिथल्या नूडल्स आवडतात. आम्ही आपले देऊळ म्हटल्यावर चपला काढून आधी आत. दाराशी एक माणूस टेबल मांडून मोगऱ्याच्या माळा ओवत बसला होता. माझ्याच वयाचा, पण पोट नाही. हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. त्यानं पद्मिनीला वाकून नमस्कार केला आणि एक माळ दिली.

आमच्या बाईंनी काय करावं? माळ सरळ अंबाड्यात खोवली.

देवळातल्या बायका जागच्या जागी थिजल्या. ती माळ बुद्धाला वाहायची होती. त्यांच्यात देवाच्या फुलाचा वाससुद्धा घेत नाहीत, आणि हिनं डोक्यात माळली! पद्मिनीचं तोंड एवढंसं झालं. पण तो माणूस हसला. “नो प्रॉब्लेम,” म्हणाला. “बुद्धा से, लुक नाइस.” आणि त्यानं दुसरी माळ ओवायला घेतली.

पद्मिनी लाजली. चौसष्टाव्या वर्षी! मला वाटलं होतं, तिचा लाजण्याचा कोटा आमच्या साखरपुड्यातच संपला.

“काकू, सीरियसली?” राधिकानं ओट्याकडे बघत विचारलं.

“त्यांना सांगू दे,” पद्मिनी म्हणाली. “माझं थालीपीठ करपेल.”

त्याचं नाव विचाय. तीस वर्षं सॅन होजेच्या एका थाई हॉटेलात आचारी होता. बायको वारलेली. पुढच्या रविवारपासून पद्मिनी त्याच्या टेबलाशी जाऊन बसायला लागली. ही दोऱ्याला बोटांनी गाठी मारत गजरा करायची, तो हातभर लांब सुईनं ओवायचा. एकमेकांना शिकवायचे. हिचं इंग्रजी दहा शब्दांचं, त्याचं वीस. त्या तीस शब्दांत दोघं दोन-दोन तास बोलायची. आमच्याकडे अख्खी मराठी होती, आणि आमचं बोलणं ‘गोळी घेतली का?’ इथपर्यंत.

मी काय करायचो? नूडल्स खायचो.

एकदा त्यानं पद्मिनीला जन्मवार विचारला. तिथे एका रांगेत आठ बुद्ध आहेत, वारागणिक एक. बुधवारचे दोन, दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा. ज्याचा जो वार, त्यानं त्या बुद्धापुढे उदबत्ती लावायची. पद्मिनी शुक्रवारची. शुक्रवारचा बुद्ध छातीवर हात ठेवून उभा असतो, कसल्याशा विचारात. आणि विचाय कुठल्या वारचा? शुक्रवारचा! दर रविवारी दोघं शेजारी शेजारी उभी, एकाच बुद्धापुढे डोळे मिटून. लग्नाला बेचाळीस वर्षं झालेली माझ्या, आणि वार जुळला याचा.

मी गुपचूप जाऊन त्यांच्यामध्ये उभा राहिलो, उदबत्ती घेऊन.

“अहो, तुम्ही मंगळवारचे,” पद्मिनी डोळे न उघडता म्हणाली. “तुमचा तिकडे आडवा पडलाय बघा.”

खरंच, मंगळवारचा बुद्ध आडवा असतो. उशाला हात घेऊन.

“एकदम परफेक्ट मॅच, काका!” अनीश हसला.

हसा. पण मीही डेपोतला माणूस, हार मानणारा नाही. विचायची आई चिनी. तिनं दिलेलं हिरव्या जेड दगडाचं पदक त्याच्या गळ्यात असायचं, त्यावर कोरलेलं स्वस्तिक, आणि तेही आपल्या उलट दिशेचं. मी संधी साधली. घरी आल्यावर गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, “उलटं स्वस्तिक गळ्यात घालणाऱ्याकडे बसू नये. घर बसतं.”

 पुढच्या रविवारी पद्मिनीनं सरळ त्यालाच विचारलं. मी जवळच होतो, नूडल्स घेऊन. विचायनं गळ्यातलं पदक काढलं. आरपार कोरलेलं होतं. ते पालथं करून त्यानं हिच्या तळहातावर ठेवलं, तर आपलं स्वस्तिक!

“सेम सेम,” तो म्हणाला. “यू सी फ्रॉम युअर साइड.”

हिनं ते कितीतरी वेळ हातात धरून ठेवलं. माझ्या नूडल्स गार झाल्या.

“मग हरवलंत कधी त्यांना?” राधिकानं विचारलं.

तेच सांगतो. ऑगस्टमध्ये विचाय म्हणाला, आता कायमचा थायलंडला जातोय, बहिणीकडे. पुढचा रविवार शेवटचा. त्या रविवारी मी भल्या सकाळी उठलो. कुंडीतला मोगरा खुडला. ही माझी बोटं, आयुष्यभर तिकिटं न् वेळापत्रकं हाताळलेली, पण माळ अशी ओवली की विचायनं तोंडात बोट घालावं. देवळात तो हिला माळ द्यायला पुढे आला, तोच मी आडवा गेलो आणि भर सभामंडपात माझी माळ हिच्या अंबाड्यात माळली! एकही बाई थिजली नाही. भिक्खूंनी टाळ्या वाजवल्या. मंगळवारचा बुद्ध, शप्पथ सांगतो, कोपरावर उठून बघायला लागला. विचायनं हात जोडले. म्हणाला, “यू विन.”

पोरांनी टाळ्या पिटल्या. पद्मिनीनं गॅस बंद केला. हात पुसत ती वळली.

“खोटं,” ती म्हणाली. “त्या रविवारी आपण गेलोच नाही. तुम्ही सत्यजितला सांगितलंत, आईचं डोकं दुखतंय, आज नको. मी आतल्या खोलीत साडी नेसून बसले होते.”