कापलेल्या पट्ट्यांची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. पण टेकून पेपर वाचायची नव्हे आणि जेवायच्या टेबलाचीही नव्हे. मित्रांनो, मी मोटारीत लहान लेकराला बसवायची खुर्ची आहे. लातुरात गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत दस्तगीरभाईंचं सीट कव्हर शिवायचं दुकान आहे, तिथं मी फळीवर असते. माझे पट्टे कापलेले आहेत. तरी महिन्या-दोन महिन्यांनी मला मागायला कुणीतरी येतंच. आणि मी कुणालाही मिळू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. का, ते ऐका.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून माझी पाठ निघाली, तिच्यावर जाड फोम बसला, वरून निळं कापड चढलं. मग दोन पट्टे खांद्यांचे, दोन कमरेचे, एक पायांमधला, आणि पाचही जिथं येऊन मिळतात तिथं एक लाल बटण. आमच्यातल्या एकीत बाहुली बसवून तिला मुद्दाम जोरात आपटलं. ती मोडली, बाहुली शाबूत राहिली, म्हणून आम्ही बाकीच्या पास झालो. मला तेव्हा तिची फार कीव आली होती. आता येत नाही.

लातूरच्या एका दुकानात मी आले, तेव्हा असली वस्तू गावात कुणी पाहिलेली नव्हती. पोरांना क्लासला घालायला गावोगावचे आईबाप यायचे, खोल्या बघून, फॉर्म भरून दमले की काचेपाशी थांबायचे. अहमदपूरच्या एका गृहस्थांनी विचारलं, "हे दाढीच्या दुकानातलं हाय का?" दुकानदार समजावून सांगायचा आणि ते म्हणायचे, "मग आईची मांडी कशाला हाय?" आठ महिने असंच चाललं. उन्हानं माझा एक खांदा फिका पडला आणि माझा ताठा बराच उतरला.

शेवटी गंधार सर आले. ते एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. वेग, धक्का, जोर हाच त्यांचा रोजचा धंदा, त्यामुळे माझ्याबद्दल त्यांना फार समजावून सांगावं लागलं नाही. घरी त्यांची एक महिन्याची मुलगी होती, मनस्विनी, लाडानं मनू. त्यांनी मला थेट दस्तगीरभाईंच्या दुकानी आणलं आणि मागच्या सीटवर पक्कं बसवायला सांगितलं. दस्तगीरभाईंनी मला आडवी केली, उभी केली, शिवण बोटानं चाचपली.

"काम चोख हाय, सर," ते म्हणाले. "पण कुर्सीचा प्लॅस्टिक काढू नका. नवी चीज हाय, खराब होते."

आता बोला. लातूरचा उन्हाळा आणि अंगावर प्लॅस्टिक. पण माझं कोण ऐकतंय?

खरी अडचण पुढंच होती. गंधार सरांची आई, प्रमोदिनीबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. गाडीचं दार उघडून त्यांनी माझे पट्टे बघितले आणि दार लावून टाकलं.

"माझ्या नातीला यात बांधायचं नाही," त्या म्हणाल्या. "लेकरू माझ्या मांडीवर बसंल."

झालं. मनू मांडीवर आणि मी शेजारी रिकामी. त्या वर्षी लातुरात पाण्याची फार टंचाई झाली, पाणी रेल्वेनं यायला लागलं. गंधार सर कुठून कुठून पाणी आणायचे आणि सांडू नये म्हणून घागर माझ्यात बसवून पाचही पट्टे लावायचे. खोटं सांगत नाही, लेकराच्या आधी मी घागर सांभाळली. पाणी संपलं की नोट्सच्या झेरॉक्सचे गठ्ठे. मला राग यायचा, पण राग बाईंवर काढावा तर त्यांचा चेहरा बघून तो टिकायचा नाही. माझ्या पट्ट्यांकडं त्या भीतीनं बघायच्या. खुर्चीला कोण भितं, मला कळेना.

एक दिवस सून भार्गवीनं विचारलंच. "आई, तुम्हाला या खुर्चीचं इतकं वावडं कशाचं?"

बाईंनी मग सांगितलं. त्र्याण्णव साली त्या औसा तालुक्यातल्या एका खेड्यात नोकरीला होत्या. पाच वर्षांचा गंधार शेजारी झोपलेला, सहा महिन्यांची मुलगी झोळीत. पहाटे भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती खाली आल्या. गंधारला त्यांनी ओढून काढलं. झोळी तुळईखाली अडकली होती, दोरीची गाठ करकचून आवळली होती.

"ती रडत होती, भार्गवी. माझा हात तिच्यापर्यंत पोचला होता. गाठ तेवढी सुटली नाही. लोक येईपर्यंत तिचं रडणं थांबलं होतं."

भार्गवी उठली. तिनं मला गाडीतून काढून घरात आणलं, बाईंसमोर ठेवलं आणि त्यांचं बोट माझ्या लाल बटणावर टेकवलं. "दाबा," म्हणाली. बाईंनी दाबलं. खट् झालं आणि सगळे पट्टे एकदम सुटले. बाईंनी ते पुन्हा लावले, पुन्हा सोडले. मग आठवडाभर त्यांचं तेच चाललं. मेथी निवडता निवडता खट्, टीव्ही बघता बघता खट्. डोळे मिटून, डाव्या हातानं, ओल्या हातानं. शंभरदा दाबलं असेल. एकदाही मी अडले नाही, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. आठव्या दिवशी बाईंनी माझं प्लॅस्टिक फाडून काढलं. "लेकराला घाम येतोय यानं," म्हणाल्या, आणि मनूला स्वतःच्या हातानं माझ्यात ठेवलं.

पुढची दोन-अडीच वर्षं माझी सोन्यासारखी गेली. मनू माझ्यात झोपली, गायली, ओकली, माझ्या फटींत तिनं पारले बिस्किटांचा चुरा साठवला. बाई शेजारी बसायच्या, पदरानं तिचं तोंड पुसायच्या. लाळेनं माझं कापड कडक झालं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही.

मग तो दिवस आला. भार्गवीचं माहेर अर्धापूरचं. भर दुपारी सगळे तिकडं निघाले होते. अहमदपूर मागं टाकलं आणि शेतातल्या वाटेवरून उसाची ट्रॉली न बघताच रस्त्यावर आली. गंधार सरांनी चाक फिरवलं. गाडी रस्त्याखाली उतरली आणि बाभळीवर जाऊन आदळली. मनूचं सगळं वजन पट्ट्यांवर आलं आणि पट्ट्यांचं माझ्या पाठीवर. मी तिला सोडलं नाही. त्याच वेळी उजव्या खांद्याखाली, फोमच्या आड, माझ्यात काहीतरी टच् झालं. तो आवाज फक्त मला आला.

मनू जोरात रडायला लागली. बाईंचा हात आला, बटण दाबलं गेलं, पट्टे सुटले. बाईंनी तिला उराशी घेतलं आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या. "सुटली," एवढंच म्हणत होत्या. "सुटली गं बाई माझी." गंधार सर आणि भार्गवी दोघंही रडत होते. मनूच्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ होता, बाकी काही नाही. दुसऱ्या कुणालाही फार लागलेलं नव्हतं.

फोन गेल्या गेल्या दस्तगीरभाई स्वतः गाडी ओढायचं वाहन घेऊन आले. दवाखान्यात बसले, चहा पाजला, सगळ्यांना लातूरला सोडून मगच घरी गेले. हे त्यांचे उपकार या घरावर आहेत, हे ध्यानात ठेवा.

त्यानंतर माझं नाव झालं. बाईंनी मला हळदकुंकू लावलं, काळा दोरा बांधला. आमच्याकडं एक रीत आहे. ज्या पाळण्यात लेकरं चांगली वाढली, तो पाळणा कुणी विकत नाही की टाकत नाही. घरात कुणाला सातवा लागला की तो मागून नेतात, धुऊन-पुसून परत देतात. वाळे तसेच फिरतात, दुपटी तशीच फिरतात. लोकांनी मलाही त्याच हिशेबात धरलं. "पावलेली खुर्ची हाय, आमच्या सुनंला द्या," म्हणून निरोपावर निरोप. वाईट मनाचं त्यात कुणीच नव्हतं, हेच तर अवघड होतं.

भार्गवीनं माझ्याबरोबर आलेलं पुस्तक वाचलं. "अपघात झाला की खुर्ची परत वापरू नये, असं लिहिलंय यात," ती म्हणाली.

"नव्या खपाव्या म्हणून लिहितात कंपनीवाले," गंधार सर म्हणाले. "एक ओरखडा तरी आहे का बघ."

पोरांना धक्का आणि जोर शिकवणारा माणूस, आणि हे बोलला. मी हादरले. त्याच आठवड्यात दस्तगीरभाई आले. त्यांची मुलगी जोहरा उदगीरला दिलेली, तिची लायबा दीड वर्षाची. दर जुम्म्याला त्यांचं लातूर-उदगीर येणंजाणं. "सर, तुमची कुर्सी आमच्या लायबाला द्या," ते म्हणाले. त्यांना नाही कोण म्हणणार? सरांनी परवाच घेऊन जा म्हणून सांगितलं, बाईंनीही मान डोलावली.

मित्रांनो, ते दोन दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. पुन्हा एक धक्का बसला तर माझी पाठ दुभंगणार होती. लायबा माझ्यात असणार होती, सगळे निर्धास्त असणार होते, आणि मी तिला धरू शकणार नव्हते. मला तोंड नाही. ओरडून सांगता येत नाही.

पण लेकराची वस्तू मळकी द्यायची नाही, ही बाईंची सवय. द्यायच्या दिवशी सकाळी त्यांनी माझं कापड धुवायला उतरवलं, फोम काढला आणि ओल्या फडक्यानं माझी पाठ पुसायला घेतली. उजव्या खांद्याखाली फडकं अडकलं. त्यांनी बोट फिरवलं. पांढरी, बारीक, वीतभर भेग. बाईंनी फडकं बाजूला ठेवलं.

दस्तगीरभाई जोहराला आणि लायबाला घेऊन आले तेव्हा मी समोरच्या खोलीत उघडीच होते. बाईंच्या हातात मोठी कात्री होती. कुणी काही विचारायच्या आत त्यांनी माझा खांद्याचा पट्टा कापला. पट्टा चिवट, चार वेळा कात्री चालवावी लागली. मग दुसरा, मग कमरेचे.

जोहरानं लायबाला जवळ ओढलं. दस्तगीरभाईंचा चेहरा पडला.

"द्यायची नव्हती तर तसं सांगायचं, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "आम्ही काय जबरदस्ती करून राहिलो होतो?"

बाईंनी त्यांचा हात धरला आणि त्यांचं बोट माझ्या भेगेवर टेकवलं. तीस वर्षं गाड्यांच्या सीटांवर फिरलेलं ते बोट. भेग कुठं सुरू होते, कुठवर आत जाते, हे त्यांना बघावं लागलं नाही.

"तुम्हाला नाही म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती," बाई म्हणाल्या. "आणि आज तुम्ही नेली नसती तर उद्या दुसऱ्या कुणी नेली असती. म्हणून कापली. माझी एक गेली, दस्तगीरभाई. तुमची जाऊ द्यायची नाही मला."

दस्तगीरभाई खाली बसले. त्यांनी लायबाला जवळ घेतलं. गंधार सर दारात उभे होते. त्यांना मान वर करवेना.

त्याच दुपारी सगळे मिळून लायबासाठी नवी खुर्ची घेऊन आले. आता लातुरात तऱ्हेतऱ्हेच्या खुर्च्या येतात, जरा मोठ्या पोरांना उंच बसवून पट्टा नीट लागावा म्हणून बूस्टर सीटही येतात. मला टाकून देणार होते, पण दस्तगीरभाई मला दुकानी घेऊन आले. कुणी जुनी खुर्ची मागायला आलं की ते मला फळीवरून उतरवतात. त्याचं बोट धरतात आणि माझ्या भेगेवर ठेवतात.

बापलोकांची बोटं असतात, आज्यांची असतात, पोटुश्या बायांची असतात. हात लागला की प्रत्येक माणूस नव्या खुर्चीचा पत्ता विचारतो. तेव्हा मित्रांनो, तुम्हीही या. खुशाल हात लावून बघा, मला दुखत नाही. तुमच्या धाकट्या भावाला, बहिणीला मात्र नव्या खुर्चीत बसवायला सांगा. मी एका लेकराला धरलं, तेवढंच माझ्यात होतं.